तीन धडे, एक खाट

नर्सिंगच्या पुस्तकात हृदयाचे विकार एका धड्यात असतात, मज्जासंस्थेचे दुसऱ्या आणि त्वचेचे तिसऱ्या. परीक्षा तोंडावर आली की हॉस्टेलवर मुली हे धडे आपसांत वाटून घेतात. एकीने हृदय करायचं, दुसरीने मेंदू, आणि जी उशिरा आली तिच्या वाट्याला त्वचा. त्वचेला गुण कमी असतात अशी सगळ्यांची समजूत असते. वॉर्डात मात्र खाटेवर झोपलेल्या माणसाला ही वाटणी ठाऊक नसते.

ही वाटणी न जुमानणारा एक आजार आपल्याकडे अजूनही भरपूर आढळतो. तो म्हणजे रुमॅटिक फीव्हर. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांना स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा दुखण्याचा आजार होतो, तो बरा होतो, घरचे विसरतात. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे आळीपाळीने सुजतात. त्या जिवाणूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती आता स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असते. डकेट जोन्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९४४ मध्ये या आजाराच्या निदानाचे निकष मांडले. त्यांत पुढे सुधारणा होत गेल्या. आजच्या यादीतल्या पाच मुख्य खुणा पाहा: हृदयाचा दाह, सांध्यांचा दाह, कोरिया म्हणजे हातापायांच्या आपोआप होणाऱ्या झटकेदार हालचाली, त्वचेवरची कडा उठलेली लालसर वलयं आणि त्वचेखालच्या न दुखणाऱ्या गाठी. पाचांतली एक हृदयाची, एक मेंदूची, दोन त्वचेच्या.

कोरिया बहुधा मुलींना होतो आणि तोही घसादुखीनंतर काही महिन्यांनी, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. हातातून वाटी निसटते, अक्षर बिघडतं, चेहरा वेडावाकडा होतो. शाळेत बोलणी बसतात, घरी धपाटे. अशा मुलीला आपली दोन बोटं घट्ट धरायला सांगितली तर तिची पकड आवळते, सैल पडते, पुन्हा आवळते.

रात्रपाळीच्या सिस्टरला इथे एक गोष्ट दिसते, ती दिवसाच्या राऊंडला मोठ्या डॉक्टरांनाही दिसत नाही. मूल झोपलं की कोरियाच्या हालचाली थांबतात. पण हृदयाला सूज असेल तर नाडी झोपेतही खाली येत नाही. दिवसा मूल रडतं, घाबरतं, तापाने फणफणतं. तेव्हाच्या १२० नाडीवरून काहीच ठरत नाही. पहाटे तीनला, ताप उतरलेला असताना, मूल गाढ झोपेत असताना नाडी १२० भरली तर तो आकडा बोलका असतो. म्हणून या मुलांच्या चार्टवर झोपेतली नाडी वेगळी लिहायची जुनी पद्धत आहे आणि ती मोडू नये.

पुढचं कामही बरंचसं सिस्टरच्याच गळ्यात पडतं. घशाची लागण पुन्हा झाली तर हृदयाच्या झडपांचं नुकसान वाढतं, म्हणून दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं. ते दाट असतं, खोल स्नायूत द्यावं लागतं आणि चांगलंच दुखतं. हृदयाला दाह झालेला असेल तर किमान १० वर्षं, झडप कायमची बिघडली असेल तर त्याहूनही अधिक. ठणठणीत दिसणारं मूल दर तीन आठवड्यांनी दुखरी सुई टोचून घ्यायला का यावं, हे आईला पटवणं इंजेक्शन देण्यापेक्षा अवघड आहे.

आता हृदयाकडे नीट वळू. नाडी पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची ही सवय जवळजवळ प्रत्येक शिकाऊ नर्सला लागते. नाडी नियमित असेल तर ती खपून जाते. पण रुमॅटिक तापाने मायट्रल झडप अरुंद झालेल्या पेशंटमध्ये हृदयाचे वरचे कप्पे पुष्कळदा बेताल थरथरू लागतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. मग काही ठोके इतके दुबळे पडतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. अशा वेळी दोघींनी मिळून मोजायचं असतं. एकीने छातीवर स्टेथोस्कोप ठेवायचा, दुसरीने मनगट धरायचं, घड्याळ एकच, सुरुवात एकदम, पूर्ण एक मिनिट. छातीवर ११० आणि मनगटावर ८४ आले तर २६ ठोके वाया गेले. उपचार लागू पडू लागले की हा फरक कमी होत जातो, म्हणून तो रोज लिहायचा.

याच पेशंटला पुष्कळदा डिगॉक्सिन चालू असतं. हे औषध फॉक्सग्लोव्ह वर्गातल्या वनस्पतीतून येतं. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये या वनस्पतीच्या औषधी वापरावर पुस्तक लिहिलं आणि जास्त मात्रेने काय होतं तेही त्यात नोंदवलं. गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं. म्हणून गोळी देण्याआधी छातीवरचे ठोके पूर्ण मिनिट मोजायचे, प्रौढ माणसात ते ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. परीक्षेत हे सगळ्यांना येतं. वॉर्डात निसटतं ते याच्या आधीचं. डिगॉक्सिन अंगात साचू लागलं की पेशंटला जेवण नकोसं होतं, मळमळतं. नातेवाईक म्हणतात, हॉस्पिटलचं जेवण कुणाला आवडतं? आजोबा म्हणतात, दिव्याभोवती पिवळं पिवळं दिसतंय. मोतीबिंदू असेल म्हणून ते सोडून दिलं जातं. त्यात लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड चालू असलं तर लघवीवाटे पोटॅशियम निघून जातं, आणि पोटॅशियम कमी पडलं की डिगॉक्सिनचा विषारी परिणाम वाढतो. म्हणजे ताटात उरलेली पोळी, रक्ताचा रिपोर्ट आणि नाडी एकत्र वाचायची असते.

पोटॅशियमचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठासून सांगतो. पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन थेट शिरेत ढकलायचं नाही. कधीच नाही. ते सलाईनमध्ये पातळ करून, ठरलेल्या वेगाने, लक्ष ठेवून द्यायचं. थेट दिलं तर हृदय थांबतं. त्याची अॅम्प्युल शुद्ध पाण्याच्या अॅम्प्युलसारखी दिसू शकते, म्हणून ती वेगळ्या जागी, ठळक लेबल लावून ठेवायची. नियम म्हणून पाठ करण्याजोग्या गोष्टी फार थोड्या असतात, त्यांतली ही एक.

हार्ट फेल्युअरच्या पेशंटला सगळ्यात उपयोगी पडणारं यंत्र म्हणजे वजनकाटा. हृदयाची डावी बाजू दमली की पाणी फुप्फुसांत तुंबतं, माणूस आडवा झाला की गुदमरतो, रात्री उठून बसतो. उजवी दमली की पाय सुजतात, मानेच्या शिरा फुगतात, यकृत वाढतं. पण पायावर बोट दाबून खड्डा दिसेपर्यंत कित्येक लिटर पाणी साचून गेलेलं असतं. काट्याला ते आधी कळतं, कारण एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. रोज सकाळी, लघवी करून, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे. घरी जाताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर ही सवयही लावून द्यायला हवी. आमटीतलं मीठ कमी करा एवढं सांगून भागत नाही. लोणचं, पापड आणि सुकी मासळी यांची नावं घेऊन सांगावं लागतं.

मज्जासंस्थेच्या धड्याला मुली सर्वांत जास्त घाबरतात. खरं तर इथेच वैद्यकाने नर्सिंगला मोठा हातभार लावला आहे. १९७४ पर्यंत बेशुद्ध पेशंटबद्दल ‘गुंगीत’, ‘अर्धवट शुद्धीत’ असं लिहिलं जाई आणि संध्याकाळच्या सिस्टरची ‘गुंगी’ रात्रीच्या सिस्टरच्या ‘गुंगी’सारखीच आहे का, हे कळायला मार्ग नसे. त्या वर्षी ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी एक साधी मोजपट्टी दिली. आजच्या रूपात डोळे उघडण्याला ४ पर्यंत गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. ८ किंवा त्याखाली आलं तर पेशंट स्वतःचा श्वासमार्ग सांभाळू शकेल याचा भरवसा नाही. वॉर्डातल्या कुणालाही, शिकाऊ मुलीलाही, ती वापरता यावी अशीच ती बेतली होती. एकट्या १३ ला फारसा अर्थ नाही. सकाळी १५, दुपारी १४, संध्याकाळी १२ असं उतरत गेलं तर डॉक्टरांना उठवायला हवं.

बोलण्याच्या गुणांत आपल्याकडे एक घोळ होतो. आयसीयूत सिस्टर केरळची, प्रश्न हिंदीत, आजी साताऱ्याकडच्या. “अम्मा, कौनसा महीना है?” आजी म्हणतात, “श्रावण.” चार्टवर नोंद होते: गोंधळलेली, ४ गुण. खिडकीबाहेर श्रावणच असतो. आजींना ५ मिळायला हवे होते. प्रश्न पेशंटच्या भाषेत आणि त्याच्या पंचांगात विचारायला हवा, आणि ते जमत नसेल तर सरळ वॉर्डातल्या मावशींना बोलवावं.

डोक्याला मार लागलेल्या पेशंटमध्ये कवटीतला दाब वाढतो तेव्हा जे आकडे दिसतात ते शॉकच्या बरोबर उलटे असतात. शॉकमध्ये रक्तदाब पडतो, नाडी धावते. मेंदू दाबला जात असेल तर वरचा रक्तदाब चढत जातो, वरचा आणि खालचा यांतलं अंतर रुंदावतं, नाडी मंदावते, श्वास बेताल होतो. हार्वी कुशिंग या अमेरिकी न्यूरोसर्जनचं नाव या त्रिकुटाला आहे. दाबल्या गेलेल्या मेंदूला रक्त पुरवण्यासाठी शरीर दाब वाढवतं, आणि वाढलेला दाब पाहून हृदय हळू चालू लागतं. अडचण अशी की ही खूण फार उशिराची आहे. तिच्या आधी पेशंट चिडचिडा होतो, उलटी करतो, जरा जास्तच झोपाळतो. “आता शांत झोपलाय, उठवू नका” असं नातेवाईक सांगतात तेव्हा त्याला उठवून पाहायचं. एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन उजेडाला आकसत नसेल तर एक मिनिटही थांबायचं नाही.

पक्षाघातात वेळेचा हिशेब सगळ्यांनी ऐकलेला असतो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी अडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण हे तास कुठून मोजायचे? पेशंट सकाळी सहाला पडलेला सापडला म्हणून सहापासून नव्हे; तो शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथून. म्हणून सोबत आलेल्यांना “कधी झालं?” असं न विचारता “रात्री झोपताना नीट बोलले होते का? मध्ये लघवीला उठले होते का?” असं विचारायचं. बोटाला टोचून साखरही लगेच पाहायची, कारण साखर फार उतरली की हुबेहूब पक्षाघातासारखं चित्र दिसतं. आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडावाटे काहीही नाही. घसा कोरडा पडलाय म्हणून प्रेमाने पाजलेलं चमचाभर पाणी फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवणारे लोक आपल्याकडे आहेतच. त्यांना बाजूला करून पेशंटला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर ती वेगळी, मोठी आणीबाणी.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे पेशंट एकाएकी वाढले आणि हे अवघड नाव घरोघरी पोचलं. जुलाबांचा आजार, कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूचा किंवा आणखी कशाचा, होऊन जातो आणि नंतर प्रतिकारशक्ती नसांच्या आवरणावर हल्ला करते. रुमॅटिक तापाचीच ही तऱ्हा, ठिकाण वेगळं. कमजोरी पायांपासून सुरू होऊन वर चढते, आणि छातीच्या स्नायूंपर्यंत पोचली की व्हेंटिलेटर लागतो. इथे बोटावरच्या ऑक्सिमीटरवर विसंबणं धोक्याचं, कारण स्नायू थकत असताना बराच वेळ तो ९८ दाखवत राहतो. पेशंटला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगायचं. सकाळी पंचवीसपर्यंत गेला, दुपारी अठरा, संध्याकाळी अकरा. त्या वेळी ऑक्सिमीटर काहीही म्हणो, आयसीयूला फोन करायचा.

राहिली त्वचा. कमी गुणांची समजली जाणारी ही बाब वॉर्डात सगळ्यात जास्त मेहनत घेते. बेडसोरला कित्येक दशकं नर्सचा हलगर्जीपणा समजलं जाई. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने वृद्धांच्या वॉर्डात प्रत्यक्ष अभ्यास केला आणि १९६२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. धोका कुणाला जास्त हे आधीच ओळखता यावं म्हणून तिने शारीरिक स्थिती, मनाची सावधता, चालणं, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा अशा पाच बाबींना गुण दिले. आणि पाठीला चोळायच्या मलमांपेक्षा कूस बदलण्याला महत्त्व आलं. दाब सतत राहिला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि पेशी उपाशी मरतात. यात मलम काय करणार? तरीही स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळण्याची पद्धत आपल्याकडे पुष्कळ काळ शिकवली गेली. लाल झालेल्या जागी चोळल्याने आतल्या दुखावलेल्या पेशी आणखी दुखावतात. माकडहाडाखाली गोल रिंग ठेवायची, तर रिंगच्या कडेने दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. दोन्ही बंद करायला हवं.

पाठ्यपुस्तकांवर माझा एक राग आहे. बेडसोरची पहिली पायरी म्हणून ‘बोट दाबलं तरी पांढरी न पडणारी लाली’ असं लिहितात आणि शेजारी गोऱ्या कातडीचा फोटो छापतात. सावळ्या माणसाच्या पाठीवर लाली शोधणारी मुलगी काहीच नाही असं लिहून मोकळी होते. तिथे जागा जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा गडद दिसते, हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श केला तर गरम लागते, कधी कडक तर कधी लिबलिबीत भासते. नजरेपेक्षा हातावर भिस्त ठेवावी लागते. ऑक्सिजन कमी पडल्याचा निळेपणाही आपल्याकडे चेहऱ्यावर शोधू नये. जीभ, ओठांची आतली बाजू आणि पापणीचा आतला भाग पाहावा.

आणि इथेच हृदयाचा धडा मध्ये येतो. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला आडवं झोपवत नाही, तो उशांना टेकून अर्धवट बसलेला असतो. तसा बसला की हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड सरकतं. त्या ओढाताणीने माकडहाडावर जखम होते, आणि सुजलेली कातडी तर आधीच तुकतुकीत, नाजूक. एका धड्यात डोकं उंच ठेवा म्हणतात, दुसऱ्यात शक्य तितकं सपाट ठेवा. मार्ग काय? गुडघ्यांखाली उशी, पेशंटला वर घेताना ओढत न नेता चादरीसकट उचलणं, आणि दर दोन तासांनी कूस. हे लिहायला सोपं आहे. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर असेल तर दोन तासांचं गणित कसं बसायचं, याचं उत्तर नर्सिंगच्या पुस्तकात नसतं, ते भरतीच्या फाइलमध्ये असतं.

त्वचा आणि नसा यांचं नातं दाखवणारा आपला ओळखीचा आजार म्हणजे नागीण. तिची दोन्ही तोंडं मिळाली की माणूस दगावतो, ही भीती अजून ऐकू येते. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दडून राहतो आणि म्हातारपणी किंवा प्रतिकारशक्ती उतरल्यावर एखाद्या नसेच्या वाटेने त्वचेवर येतो. ती नस शरीराच्या मध्यरेषेपर्यंतच जाते. म्हणून पुरळ कमरेच्या एका बाजूला पट्ट्यासारखं उठतं आणि मध्यावर थांबतं. तोंडाला तोंड मिळण्याचा प्रश्नच सहसा येत नाही. विषाणूविरोधी औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर अधिक उपयोगी, पण गेरूचा लेप लावण्यात नेमका तोच वेळ जातो. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, विशेषतः गरोदर सिस्टरना, या पेशंटची ड्युटी लावू नये.

कुष्ठरोगातही त्वचा आणि नस एकत्र जातात. फिकट चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कुणी तो दाखवत नाही. कापसाचा बोळा फिरवला तर तिथे कळत नाही, हीच त्याची खूण. कुष्ठरुग्णांसाठी वरोऱ्याचं आनंदवन आणि अमरावतीचं तपोवन ज्या महाराष्ट्रात उभं राहिलं तिथे ही तपासणी शाळेतल्या मुलांनाही यायला हवी.

शेवटी एक असा प्रसंग, ज्यात तिन्ही धडे एकदम उघडावे लागतात. मान किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जू तुटलेला पेशंट, अपघाताला काही महिने झालेले. अचानक डोकं फुटेल असं दुखू लागतं. चेहरा आणि मान लाल, घामाने डबडबलेली. इजेच्या पातळीखाली मात्र कातडी थंड, फिकट, अंगावर काटा. रक्तदाब २००, नाडी ५०. कुशिंगचं त्रिकूट पाठ केलेली मुलगी मेंदूकडे धावेल. पण कारण बहुतेक वेळा लघवीच्या पिशवीत असतं. कॅथेटरची नळी पायाखाली मुडपलेली, मूत्राशय तुडुंब. ती तक्रार मज्जारज्जूतून वर पोचत नाही. खालच्या रक्तवाहिन्या आपोआप आवळल्या जातात आणि दाब चढतो. मेंदूला दाब कळतो, तो हृदयाला मंद करतो आणि इजेच्या वरच्या रक्तवाहिन्या सैल सोडतो. खाली त्याचा हुकूम चालत नाही.

आणि हे लक्षात ठेवायला हवं की अशा माणसाचा नेहमीचा वरचा दाब ९० ते ११० च असतो. त्याला १४० भरला तर चार्टच्या चौकटीत तो बरा दिसतो, पण त्याच्यासाठी तो धोक्याचा असू शकतो.

आधी त्याला सरळ उठवून बसवायचं, पाय खाली सोडायचे, म्हणजे दाब थोडा उतरतो. पट्टा, मोजे, बंध सैल करायचे. मग नळी तपासायची: मुडपली आहे का, गाळाने तुंबली आहे का. ती मोकळी असेल तर शौच अडलंय का ते, बधिर करणारी जेली लावून, पाहायचं. तेही नसेल तर कातडी पाहायची: टाचेवर बेडसोर, चादरीची घडी, मांसात घुसलेलं अंगठ्याचं नख, यांतलं काहीही पुरतं. तोवर दर दोन ते पाच मिनिटांनी रक्तदाब घ्यायचा, डॉक्टरांना बोलवायचं, आणि कारण काढूनही दाब उतरत नसेल तर त्यांच्या सांगण्यावरून औषध द्यायचं. घरी सोडताना हाच क्रम मराठीत कागदावर लिहून बायकोच्या किंवा भावाच्या हातात द्यायचा, आणि नळीची घडी कशी सोडवायची ते एकदा त्यांच्याकडून करवून घ्यायचं.